बातमीदाराच्या हाती अनुदानाची थैली : शिकागोच्या फील्ड फाउंडेशनचे प्रकरण

लॉली बोवीन यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये जवळपास दीड दशक बातमीदारी केली. शहराच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्त्या, तिथली घरे, तिथली तरुण मुले, ओबामांच्या नावाने तेव्हा होऊ घातलेले केंद्र, हे त्यांचे बीट. 2017 साली त्यांना हार्वर्डची पत्रकारांसाठीची नीमन फेलोशिप मिळाली. 2020 मध्ये त्यांनी न्यूजरूम सोडली आणि फील्ड फाउंडेशन या शिकागोतल्याच देणगीदार संस्थेत ‘मीडिया अँड स्टोरीटेलिंग’ विभागाचे काम हाती घेतले. कालपर्यंत त्या बातम्या लिहीत होत्या. आता कुठल्या न्यूजरूमला पैसे द्यायचे, किती द्यायचे आणि किती वर्षे द्यायचे, या निर्णयांत त्यांचा वाटा आला.

पत्रकाराने धंदा सोडण्यात नवल काही नाही. कुणी जनसंपर्कात जातो, कुणी मंत्र्यांचा माध्यम सल्लागार होतो, कुणी पत्रकारितेच्या वर्गावर शिकवायला लागतो. पण बातमीदार थेट अनुदान देणाऱ्या टेबलाच्या पलीकडे जाऊन बसतो, हे तुलनेने नवे आहे, आणि अमेरिकेत गेल्या दहा वर्षांत ते वारंवार घडते आहे. हे प्रकरण घेण्याचे कारण असे की त्यातले सगळे पेच एकाच शहरात, अगदी एकमेकांच्या शेजारी, पाहायला मिळतात. माझे मत आधीच सांगून ठेवतो: पैसा कुणाला मिळाला यावर फार चर्चा होते, पण तो कोणत्या अटींवर मिळाला यावरच बहुतेक गोष्टी ठरतात. आणि ही अटींची भानगड न्यूजरूममध्ये घासलेल्या माणसाला जितकी कळते तितकी इतरांना कळत नाही.

शहर आणि त्याचे नकाशे

शिकागोची लोकसंख्या सुमारे 27 लाख. गोरे, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांचे, असे ढोबळमानाने तीन सारखे गट. पण ते एकमेकांत मिसळून राहतात असे नाही. शहराचे 77 अधिकृत विभाग आहेत आणि त्यांतल्या कितीतरी विभागांत बहुतांश वस्ती एकाच गटाची आहे. हे आपोआप झालेले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घराच्या खरेदीखतातच ‘हे घर कृष्णवर्णीयांना विकू नये’ अशी अट घालत. 1930च्या दशकात सरकारी यंत्रणेने वस्त्यांची प्रतवारी करून नकाशे रंगवले, आणि ज्या वस्तीवर लाल रंग पडला तिथे घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त झाले. त्या नकाशांचे परिणाम आजही शहरात फिरताना दिसतात.

बातम्यांचाही असाच एक नकाशा असतो, फक्त तो कुणी रंगवून भिंतीवर लावत नाही. दक्षिण आणि पश्चिम शिकागोतून मोठ्या माध्यमांत येणारी सर्वांत नियमित बातमी म्हणजे सोमवार सकाळची मोजणी: शनिवार-रविवारच्या गोळीबारात इतके ठार, इतके जखमी. तिथली शाळा बंद होते, तिथल्या बसचा मार्ग बदलतो, तिथल्या एखाद्या कारखान्याच्या धुराने मुलांना दमा होतो, या गोष्टी घडतात. पण त्या घडल्या तेव्हा तिथे बातमीदार नसतो.

फील्ड फाउंडेशनची सूत्रे 2016 मध्ये अँजेलिक पॉवर यांच्याकडे आली. त्यांच्या काळात संस्थेने शहराचे नकाशे एकावर एक ठेवून पाहिले. गरिबी कुठे आहे, सोयी कुठे नाहीत, आणि देणग्यांचा पैसा कुठे जातो. चित्र अपेक्षितच निघाले: जिथे गरज जास्त तिथे देणगी कमी. त्यानंतर संस्थेने आपली दिशा बदलली आणि आडपडदा न ठेवता वंशभेदाचा प्रश्न कामाच्या मध्यभागी आणला. कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, अरब आणि मूळनिवासी समाजांतल्या लोकांनीच चालवलेल्या संस्थांना प्राधान्य द्यायचे, असे धोरण ठरले. माध्यमांचा विभाग 2019 मध्ये सुरू झाला तो याच धोरणाचा भाग म्हणून. त्याला मॅकआर्थर फाउंडेशन आणि डेमोक्रसी फंड या देणगीदार संस्थांची साथ होती. फील्ड तशी छोटी संस्था. मॅकआर्थरची मालमत्ता अब्जावधी डॉलरची. मोठ्याने पैसे द्यावेत आणि गल्लीबोळ माहीत असलेल्या छोट्याने ते वाटावेत, अशी ही रचना.

फील्ड आणि मॅककॉर्मिक

इथे थोडे मागे जायला हवे, कारण या पैशाचा इतिहास गमतीचा आहे.

मार्शल फील्ड हे शिकागोतल्या एकेकाळच्या प्रसिद्ध डिपार्टमेंट स्टोअरचे नाव. त्या घराण्याचे वारस तिसरे मार्शल फील्ड यांनी 1940 मध्ये हे फाउंडेशन स्थापन केले, आणि पुढच्याच वर्षी, 4 डिसेंबर 1941 रोजी, ‘शिकागो सन’ हे दैनिक काढले. रोख होता कर्नल रॉबर्ट मॅककॉर्मिक यांच्या ‘ट्रिब्यून’वर. मॅककॉर्मिक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे कट्टर विरोधक, अमेरिकेने युद्धात पडू नये या मताचे. फील्ड उदारमतवादी. अंक निघाला आणि तीन दिवसांत पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला होऊन अमेरिका युद्धात ओढली गेली.

नव्या दैनिकाला असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची तारसेवा हवी होती. त्या काळी असोसिएटेड प्रेसच्या नियमांनुसार त्याच शहरातल्या जुन्या सभासदाला नव्या प्रतिस्पर्ध्याची वाट अडवता येत असे. ‘सन’ला सभासदत्व मिळाले नाही. प्रकरण मक्तेदारीविरोधी कायद्याखाली न्यायालयात गेले आणि 1945 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड प्रेसच्या विरोधात निकाल दिला. आविष्कारस्वातंत्र्य आणि बातम्यांतली मक्तेदारी यांच्यावर बोलताना तो निकाल आजही काढला जातो. पुढे ‘सन’ आणि ‘टाइम्स’ एकत्र होऊन ‘सन-टाइम्स’ झाले आणि 1984 मध्ये फील्ड कुटुंबाने ते रूपर्ट मर्डॉक यांना विकून टाकले.

आज कर्नल मॅककॉर्मिक यांच्या नावाचेही फाउंडेशन आहे, आणि फील्ड यांच्या नावाचेही. दोन्ही संस्था शिकागोतल्या स्थानिक पत्रकारितेला पैसे देतात. एकमेकांची तार तोडायला निघालेल्या दोन मालकांचा पैसा ऐंशी वर्षांनी अशा न्यूजरूमना पोचतो आहे, ज्यांच्याकडे त्या काळी दोघांपैकी कुणीच वळून पाहिले नसते.

त्या काळी अशा वाचकांसाठी वेगळे पत्र होतेच. रॉबर्ट ॲबट यांनी 1905 मध्ये खिशातल्या 25 सेंटांवर ‘शिकागो डिफेंडर’ सुरू केले. पहिल्या अंकाच्या 300 प्रती. दक्षिणेकडच्या राज्यांत हा अंक उघड विकणे धोक्याचे होते, तेव्हा रेल्वेच्या पुलमन डब्यांतले कृष्णवर्णीय पोर्टर त्याचे गठ्ठे घेऊन जात. ‘उत्तरेकडे या’ हे सांगणाऱ्या या पत्राचा लाखो लोकांच्या स्थलांतरात मोठा वाटा होता. त्याचा छापील अंक जुलै 2019 मध्ये थांबला.

मराठी वाचकाला इथे ‘मूकनायक’ आठवल्याशिवाय राहणार नाही. 31 जानेवारी 1920 रोजी तो निघाला, शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता, हे आपण शाळेत शिकत नाही पण पत्रकारितेतल्या सगळ्यांना माहीत असते. म्हणजे ज्यांचा आवाज बाजार छापत नाही त्यांच्या पत्राला दात्याने हात देणे, ही कल्पना अमेरिकेच्या फाउंडेशनांनी शोधून काढलेली नाही. आणि त्या कल्पनेची अडचणही जुनीच आहे. 1922 मध्ये महाराज गेले, 1923 मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. एकदा मिळालेली रक्कम पत्र काढायला पुरते, चालवायला पुरत नाही.

त्यांनी सोडले तेव्हा

बोवीन बाहेर पडल्या तो काळ शिकागोच्या माध्यमांसाठी वाईटच होता. नोव्हेंबर 2017 मध्ये ‘डीएनएइन्फो’ ही वस्ती-वस्तीच्या बातम्या देणारी साइट मालकाने एका दिवसात बंद केली. न्यूयॉर्कच्या कार्यालयातल्या पत्रकारांनी युनियनच्या बाजूने मत दिल्याला आठवडाच झाला होता. 2019 मध्ये ‘डिफेंडर’चा कागद गेला, वर्षअखेर ट्रिब्यून गटाचे ‘ओय’ हे स्पॅनिश पत्र बंद झाले. त्याच वर्षी ऑल्डन ग्लोबल कॅपिटल या हेज फंडाने ट्रिब्यून कंपनीतले सुमारे एक-तृतीयांश शेअर घेतले. वर्तमानपत्रे विकत घ्यायची, माणसे कमी करायची, इमारती विकायच्या आणि उरलेला रस पिळायचा, अशी या फंडाची ख्याती. जानेवारी 2020 मध्ये ट्रिब्यूनच्या दोन शोधपत्रकारांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून कुणीतरी स्थानिक धनिकाने पत्र वाचवावे अशी हाक दिली. आपल्याच पत्राच्या मालकाबद्दल दुसऱ्या पत्रात लिहायची पाळी यावी, यावरून परिस्थिती कळते. धनिक काही आला नाही. मे 2021 मध्ये ऑल्डनने 63 कोटी 30 लाख डॉलरला सगळी कंपनी घेतली आणि लगेच स्वेच्छानिवृत्तीच्या योजना निघाल्या.

2005 पासून अमेरिकेतली एक-तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रे बंद झाली आहेत, असे शिकागोलाच लागून असलेल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल स्कूलची पाहणी सांगते. अशा वेळी पत्रकाराने फाउंडेशनमध्ये जाणे म्हणजे बुडत्या जहाजावरून उडी, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. मोठे जहाज बुडत असताना भोवती ज्या लहान होड्या निघाल्या होत्या, त्यांना वल्ही कोण देणार हा प्रश्न उघडाच होता.

अर्जाचा फॉर्म

आता मुद्द्याचे. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनला दरवर्षी आपल्या मालमत्तेच्या साधारण 5 टक्के रक्कम धर्मादाय कामावर खर्च करावीच लागते, नाहीतर कर बसतो. म्हणजे पैसे द्यायचे की नाही हा पर्याय त्यांच्यापुढे नसतो. पर्याय असतो तो कसे द्यायचे याचा.

नेहमीची पद्धत अशी. संस्थेने आधी इरादापत्र पाठवायचे. ते पसंत पडले तर मोठा अर्ज. त्याला नफा न कमावणारी संस्था म्हणून करमाफीचे पत्र, तीन वर्षांची अंदाजपत्रके, लेखापरीक्षकाचा अहवाल, संचालक मंडळाची यादी, ‘अपेक्षित परिणाम’ आणि ते मोजायचे निकष. एखाद्या विद्यापीठाला किंवा बड्या संग्रहालयाला हे डाव्या हाताचे काम. त्यांच्याकडे अर्ज लिहिणारा स्वतंत्र विभाग असतो. पण तीन तरुण पोरांनी एका खोलीत चालवलेल्या, पदरमोड करून निघणाऱ्या साइटकडे लेखापरीक्षकाचा अहवाल कुठून येणार? त्याची फीच त्यांच्या सहा महिन्यांच्या खर्चाएवढी. त्यामुळे नियम सगळ्यांना सारखे असूनही पैसा जिथे आधीच पैसा आहे तिथे जातो. विषमता तिथे कुणाच्या मनात असावी लागत नाही, ती फॉर्ममध्येच छापलेली असते.

दुसरी गोची ‘प्रकल्पा’ची. देणगीदाराला आवडतो तो प्रकल्प: हवामान बदलावरची मालिका, निवडणुकीची विशेष साइट, पॉडकास्टचा एक मोसम. प्रकल्पाला सुरुवात असते, शेवट असतो, अहवालात घालायला फोटो असतो. भाडे, वीजबिल, कॉपी तपासणारा माणूस, बदनामीच्या नोटिशीला उत्तर देणारा वकील, यांचे फोटो निघत नाहीत. मग न्यूजरूम काय करते? जे करायचेच नव्हते ते प्रकल्प लिहिते आणि त्यातून भाड्याचे पैसे काढते. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार दोन्ही बाजूंना माहीत असतो आणि दोन्ही बाजू गप्प असतात.

यावर उपाय म्हणजे सर्वसाधारण खर्चासाठी, कशालाही न बांधलेले, शक्यतो एकाहून अधिक वर्षांचे अनुदान. आणि करमाफीचे स्वतःचे पत्र नसेल तर दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली पैसे घेण्याची मुभा. फील्डने मॅकआर्थरसोबत 2019 पासून सुरू केलेल्या ‘लीडर्स फॉर अ न्यू शिकागो’ या पुरस्कारात हेच तत्त्व आणखी पुढे नेलेले दिसते: 50 हजार डॉलर, त्यातले निम्मे संस्थेच्या खर्चाला आणि निम्मे थेट त्या व्यक्तीला, हिशेब न मागता. थकलेल्या माणसाने त्यातून घराचे छप्पर दुरुस्त केले तरी चालेल. आपल्याकडे असे काही सुचवले तर विश्वस्तांच्या बैठकीत पहिला प्रश्न येईल, ‘पण पावती?’

तालुक्याच्या वार्ताहराला विचारून पाहा, त्याला हे लगेच कळेल. त्याला मानधन नावापुरते मिळते. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी तो ज्या बाजार समितीच्या सभापतीकडे जाहिरात मागायला जातो, त्याच सभापतीची बातमी त्याने महिनाभराने लिहायची असते. तिथे तो मिंधा होतो तो स्वभावाने नव्हे, व्यवस्थेने. पैशाची वाट बदलली की बातमी बदलते, हे ज्याने स्वतः अनुभवले त्याला ‘बंधनमुक्त अनुदान’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. बोवीन यांच्यासारख्या बातमीदाराची फाउंडेशनला खरी किंमत आहे ती इथे. कोणत्या न्यूजरूमचा पसारा पोकळ आहे आणि कोणत्या खोलीत खरे काम चालले आहे, हे अर्ज न वाचताही ओळखणारी नजर न्यूजरूममध्येच तयार होते.

बैठकीला जाऊन बसणारी माणसे

फील्डच्या पैशाचा लाभ झालेल्या संस्थांपैकी दोन नावे घेण्यासारखी आहेत. ‘द ट्राइब’ ही 2017 मध्ये कृष्णवर्णीय तरुणांनी कृष्णवर्णीय शिकागोसाठी सुरू केलेली साइट. आणि ‘सिटी ब्युरो’, 2015 पासून दक्षिण भागातल्या वुडलॉन वस्तीत मूळ धरलेली. दुसरीबद्दल थोडे सविस्तर, कारण तिची ‘डॉक्युमेंटर्स’ ही योजना जवळून पाहण्यासारखी आहे.

इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक संस्थांच्या बैठका लोकांना खुल्या असतात आणि विषयपत्रिका 48 तास आधी लावावी लागते. शाळा मंडळ, पाणी, उद्याने, ग्रंथालय, पोलिसांवर देखरेख करणारे मंडळ, पुनर्विकासाच्या समित्या: शिकागोत अशा बैठका इतक्या की भरभराटीच्या काळातही कुठल्या पत्राला सगळीकडे माणूस पाठवता आला नाही. शिवाय प्रत्येक संस्था आपली सूचना आपापल्या वेबसाइटवर, आपापल्या जागी लावते. कधी पीडीएफमध्ये, कधी कुठल्या तरी कोपऱ्यातल्या पानावर. सिटी ब्युरोने आधी या सगळ्या साइट चाळून बैठकांच्या तारखा एका यादीत आणणारी प्रणाली बनवली. मग सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन, तासाप्रमाणे पैसे देऊन त्या बैठकांना पाठवायला सुरुवात केली. निवृत्त शिक्षिका, कॉलेजचा विद्यार्थी, रात्रपाळी करणारा कामगार. त्यांनी बातमी लिहायची नसते. कोण हजर होते, कुठला ठराव कुणी मांडला, मतदान कसे झाले, नागरिकांच्या वेळेत कोण काय बोलले, आणि आपल्याला काय कळले नाही, एवढे टिपायचे. ती टिपणे तपासून सर्वांसाठी खुली ठेवतात. बातमीदार त्यातून बातमी काढतो, वस्तीतली संघटना पुढच्या बैठकीची तयारी करते.

यात मला सर्वांत आवडते ती पैसे देण्याची अट. स्वयंसेवक म्हटले असते तर फावला वेळ असलेलेच आले असते, आणि फावला वेळ शिकागोत कुठल्या वस्त्यांत जास्त असतो ते सांगायला नको. ही योजना पुढे डेट्रॉइट, क्लीव्हलँडसारख्या शहरांत गेली.

सिटी ब्युरोतूनच शिकून बाहेर पडलेल्यांनी 2019 मध्ये ‘सिसेरो इंडिपेंडिएंते’ ही दोन भाषांतली साइट काढली. सिसेरो हे शिकागोच्या पश्चिम सीमेला चिकटलेले, जवळजवळ पूर्ण लॅटिनो वस्तीचे गाव. तिथल्या हवेची प्रत सांगणारे सरकारी मोजमाप अपुरे म्हणून या साइटने ‘मकरॉक’ या संस्थेबरोबर घराघरांवर संवेदक बसवून स्वतःच हवा मोजली. ट्रिब्यूनला हे जमले नसते असे नाही. पण सिसेरोतल्या घरमालकाने गॅलरीत यंत्र लावू द्यायला आधी ओळख लागते.

पुलित्झर आणि त्याचा हिशेब

मे 2024 मध्ये स्थानिक बातमीदारीचे पुलित्झर पारितोषिक सिटी ब्युरोच्या सारा कॉनवे आणि ‘इन्व्हिजिबल इन्स्टिट्यूट’च्या ट्रिना रेनॉल्ड्स-टायलर यांना मिळाले. विषय: शिकागोतल्या बेपत्ता मुली आणि स्त्रिया. पोलिसांच्याच नोंदींवरून त्यांनी दाखवले की 10 ते 20 वयाच्या कृष्णवर्णीय मुली शहराच्या लोकसंख्येत सुमारे 2 टक्के आहेत, पण बेपत्ता झाल्याच्या तक्रारींत त्यांचा वाटा सुमारे 30 टक्के. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचे ढीगभर कागद वाचण्यासाठी संगणकाची मदत घेतली. त्याला शिकवायला वस्तीतलेच लोक बसवले, कारण एखाद्या तक्रारीत दडलेला अत्याचार ओळखायला ते आयुष्य माहीत असावे लागते. त्याच वर्षी इन्व्हिजिबल इन्स्टिट्यूटला ध्वनिपत्रकारितेचेही पुलित्झर मिळाले. दक्षिण शिकागोतल्या, नफा न कमावणाऱ्या न्यूजरूमना एका वर्षात दोन.

इथे सावध राहायला हवे. फील्डच्या पैशाने पुलित्झर मिळाले असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. अशा मालिकेमागे वर्षानुवर्षांचे काम आणि डझनभर दात्यांचा पैसा असतो; इन्व्हिजिबल इन्स्टिट्यूट तर पोलिसाच्या गोळ्यांनी मेलेल्या लाक्वान मॅकडॉनल्ड या कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येचे प्रकरण बाहेर काढण्यातल्या वाट्यामुळे 2015 पासूनच देशभर माहीत होती. एवढेच म्हणता येते की हे काम प्रकल्पाच्या मुदतीत बसणारे नव्हते. वर्षभराच्या अनुदानावर, बारा महिन्यांनी अहवाल द्यायचा म्हणून कुणी हे हाती घेतले असते तर दुसऱ्याच तिमाहीत सोडून द्यावे लागले असते.

खुर्ची बदलली की

दात्याच्या खुर्चीवर बसलेल्या पत्रकाराची पहिली अडचण त्याला कुणी सांगत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे: त्याला कुणी काही सांगत नाही. बातमीदार असताना लोक त्याला तक्रारी सांगायचे. आता तेच लोक हसून बोलतात, सगळे उत्तम चालले आहे म्हणतात. खरे ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला कौतुकाची ही भिंत फार लवकर उभी राहते. त्यात शिकागोसारख्या शहरात जुने सहकारीच अर्जदार. कुणाला हो म्हटले तर वशिला, नाही म्हटले तर जुना राग.

दुसरी अडचण पैशाच्या प्रमाणाची. मोठ्या पैशाची वाट वेगळीच असते. जानेवारी 2022 मध्ये ‘सन-टाइम्स’ सार्वजनिक रेडिओ केंद्र ‘डब्ल्यूबीईझेड’कडे गेले, दात्यांच्या 6 कोटी 10 लाख डॉलरच्या आश्वासनांवर. तीनच वर्षांत, मार्च 2025 मध्ये, तिथल्या सुमारे 20 टक्के कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मेमध्ये बाहेरून विकत घेतलेल्या पुरवणीत अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची शिफारस छापून आली. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली यादी कुणी तपासली नव्हती. टेक्सासमध्ये सुमारे 2 कोटी डॉलरच्या देणग्यांवर 2023 मध्ये उभे राहिलेले ‘ह्यूस्टन लँडिंग’ 2025 मध्ये बंद झाले. थैली मोठी असली म्हणजे पत्र टिकते असे नाही, हे यावरून दिसते. मात्र छोट्या थैलीवर टिकते असाही अर्थ कुणी काढू नये. सप्टेंबर 2023 मध्ये 22 दात्यांनी ‘प्रेस फॉरवर्ड’ या नावाने पाच वर्षांत 50 कोटी डॉलर द्यायचे जाहीर केले, त्यातले प्रत्येकी 15 कोटी मॅकआर्थर आणि नाइट फाउंडेशनचे. आकडा डोळे दिपवणारा. पण एवढा मोठा देश, आणि 2005 नंतर बंद पडलेली हजारो पत्रे, यांनी भागून पाहा.

तिसरी गोष्ट कायद्याची. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशांत वंशाचा विचार करण्याला मनाई केली. त्यानंतर अटलांटातल्या ‘फिअरलेस फंड’वर, तो फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांना अनुदान देतो म्हणून, दावा झाला, 2024 मध्ये तडजोड होऊन ती अनुदान योजना बंद पडली. फिअरलेस फंडाचा माध्यमांशी संबंध नव्हता, पण वंश हा शब्द धोरणात उघडपणे लिहिणाऱ्या प्रत्येक फाउंडेशनच्या वकिलांनी तो दावा वाचला असणार.

आपल्याकडची गोष्ट निराळी आहे. भारतात विदेशी देणगी नियमन कायदा, 2010 नुसार नोंदणीकृत वर्तमानपत्राचा संपादक, मालक, वार्ताहर, इतकेच काय व्यंगचित्रकारही, परदेशी देणगी घेऊ शकत नाही. बातम्या प्रसारित करणाऱ्या संस्थाही नाहीत. कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्वाचा पैसा ज्या कामांवर खर्च करता येतो त्या यादीत पत्रकारिता नाही. उरतो देशातल्या धनिकांचा स्वेच्छेचा पैसा. तो एकत्र करून स्वतंत्र माध्यमांना देण्यासाठी 2015 मध्ये बंगळूरला ‘इंडिपेंडंट अँड पब्लिक स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन’ उभे राहिले. ज्येष्ठ संपादक टी. एन. निनान त्याचे अध्यक्ष होते, आणि विश्वस्तांत आपले अमोल पालेकर होते. म्हणजे बातमीदाराच्या हाती थैली हा प्रयोग इथेही झालेला आहे. सप्टेंबर 2022 मध्ये प्राप्तिकर खात्याचे अधिकारी तिथे ‘सर्वेक्षणा’ला गेले. त्यानंतर देणगीदारांनी हात आखडता घेतला नसेल असे मानायला भाबडेपणा लागतो.

फील्डच्या प्रकरणात मला एक कागद अजून पाहायचा आहे. अमेरिकेत खासगी फाउंडेशनला आपल्या वार्षिक कर विवरणात कुणाला किती अनुदान दिले ते नावानिशी द्यावे लागते आणि ते विवरण कुणालाही पाहता येते. नाकारलेल्या अर्जांची यादी मात्र कायदा मागत नाही, आणि आपणहून ती छापण्याची पद्धत नाही. किती न्यूजरूमनी अर्ज केला, किती जणी इरादापत्राच्या टप्प्यावरच गळल्या, त्या कुठल्या वस्तीतल्या होत्या, किती जणींना नकाराचे कारण कळले: ट्रिब्यूनमध्ये असत्या तर बोवीन यांच्यासारख्या बातमीदाराने फाउंडेशनच्या दारात उभे राहून पहिल्यांदा हीच यादी मागितली असती.